रविवारचं अंगण

वैनी गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच सगळ्यांना द्यावी लागली. शिमग्याच्या आधीचा रविवार होता. उजाडता उजाडता मी माझा खराटा घेऊन आमच्या दोन घरांमधली काटक्यांची वई ओलांडली आणि तिच्या अंगणात गेलो, तर ओट्यावर वैनी नव्हती. रोज ती माझ्या आधी तिथं येऊन बसलेली असायची. अंगावर चादर, हातात चहाचा पेला, आणि मी पहिला हात मारायच्या आतच तिचं बोलणं सुरू. त्या दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो. वैनी कुशीवर निजली होती, हात गालाखाली, गोधडी पायापर्यंत नीट ओढलेली... एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली नाही. माणूस झोपलाय की गेलाय, ते ह्या वयात दारातूनच कळतं. खोटं कशाला लिहू, माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो 'सुटलीस' असाच. सुटलीस बाय, आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर, कुणाच्या हाताकडं न बघता. मग तिच्या पायाशी टेकलो, आणि तिथं बसल्यावर दुसरी गोष्ट डोक्यात आली. आज रविवार. आज दिनेश येणार.

दिनेश म्हणजे वैनीचा मुलगा, माझा पुतण्या. पनवेलला राहतो, तिकडंच एका कंपनीत आहे. शिफ्ट कुठलीही असो, रविवारी सकाळच्या गाडीनं पेणला उतरायचा आणि रिक्षानं आमच्या गावात आईकडं यायचा. मी फोन लावला.

"कुठं हायस रे?"

"गाडीत हाय काका. जितं स्टेशन गेलं आताच. का हो?"

मी म्हटलं, "ये. घाई करू नको, सावकाश ये." मग तोच म्हणाला, "झोपेत ना?"

"व्हय. झोपेतच."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. मला वाटलं, आता हा येणार, अंगणात उभा राहणार, आणि मला विचारणार. मला भीती का वाटली ते सांगायचं तर मागून सांगावं लागेल.

वैनीचं नाव सुभद्रा. रोह्याच्या पलीकडं, कुंडलिकेच्या काठचं तिचं माहेर. ती आमच्या घरात आली तेव्हा मी चौथीत शाळा सोडून म्हशींच्या मागे फिरत होतो. म्हणजे शाळेनंच मला सोडलं म्हणा. थोरला भाऊ धरमतरच्या धक्क्यावर, बार्जमधला माल उतरवायच्या कामाला. आठवडा आठवडा घरी यायचा नाही. त्यामुळं नव्या नवरीला भांडायला घरात माणूस कोण, तर मी. ती मला भावजी म्हणायची, अहोजाहो करायची आणि त्याच तोंडानं हवं ते बोलायची. मी तिला एकेरी हाक मारायचो ती शेवटपर्यंत. आमची आई कडक होती. घरातलं काही नव्या सुनेच्या ताब्यात द्यायची नाही. मग वैनीनं अंगण ताब्यात घेतलं. ते कुणाला नकोच होतं.

अंगण आहेही तसं. एका अंगाला फणस, विहिरीपाशी दोन आंबे, आणि फाटकाजवळ बदाम. हा बदाम थोरल्यानं लावलेला, बाजारातल्या बदामाचा नव्हे, आपला देशी, लाल पानांचा. फणस बारा महिने पान टाकतो. आंबा त्याला वाटेल तेव्हा. आणि बदाम माघात असा सुटतो की जणू कुणी वर बसून पोतं उलटं करतंय. वैनीला ते अंगण लख्ख लागायचं, त्याला कारण होतं. ती पेणच्या पापडवाल्यांकडून पीठ आणायची आणि पापड लाटायची. ते वाळायला घालायचे त्या अंगणात, चटयांवर. ओल्या पापडावर पान पडलं की त्याचा डाग राहतो. म्हणून ती उजाडायच्या वेळी एकदा झाडायची, दुपारी वारा पडला की पुन्हा. दिनेशची शाळा, त्याचं आयटीआय, सगळं त्या अंगणात वाळलं. पुढं भावाभावांची घरं वेगळी झाली, मधे वई आली, पण तिच्या खराट्याचा आवाज वईनं कधी अडवला नाही. मला जाग त्यानंच यायची.

झाडलेली पानं कुणाची, ह्यावरून आमचं दर वर्षी वाजायचं. आमच्याकडं वाळक्या पानांना पातेरा म्हणतात. भात पेरायच्या आधी ज्या तुकड्यात रोपं करायची ती जमीन भाजून घ्यायची, त्याला राब म्हणतात. खाली वाळलं शेण, वर तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, गवत, आणि सगळ्यावर बारीक माती पसरून आग लावायची. आता गावात बहुतेकांनी राब सोडला, पिशवीतलं खत आणतात. मी सोडला नाही. मला कुणी काय सांगायचं ते सांगो, माझं रोप राबावरच उगवतं. तर मला राबाला पातेरा हवा आणि वैनीला न्हाणीच्या चुलीला. शेवटी अर्धा अर्धा व्हायचा. टोपली उचलून देताना ती म्हणायची, "पातेरा तुमचा भावजी, कंबर माझी." मी म्हणायचो, "कंबर तुझी तर भातही तुझं, ये पेज प्यायला." आणि ती यायचीही.

थोरला गेल्यावर वैनी त्या घरात एकटी राहिली. एकटी म्हणजे काय, वईपलीकडं आम्ही होतोच. मी, माझी बायको, मुलगा, सून. पण गेल्या दिवाळीच्या आधी, कापणीच्या दिवसात, आम्ही सगळी शेतावर असताना ती चुलीपाशी चक्कर येऊन पडली. सकाळी पडली ती दुपारी आम्ही जेवायला परतलो तोवर तशीच. माझ्या बायकोनं हाक मारली, उत्तर आलं नाही म्हणून आत गेली, तर वैनी जमिनीवर, शुद्धीत, डोळे उघडे. म्हणते, "ओरडू नकोस गो, भात करपेल." भात केव्हाच करपून कोळसा झालेला. दिनेश आला, पेणच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, गोळ्या घ्या, जपा. दिनेश तिला पनवेलला घेऊन गेला.

तिथं ती जेमतेम महिना काढू शकली. सून वाईट नाही, नातवंडं चांगली, जागा हवेशीर. पण वैनी खिडकीपाशी बसायची आणि जेवायची नाही. दिनेशनं मला फोन केला, "काका, ती अन्न सोडतेय. विचारलं तर म्हणते भूक नाय." मी म्हटलं, फोन दे तिला. ती म्हणाली, "भावजी, हितं खाली मोठं झाड हाय. त्याची पानं पडतात, आणि ती उचलायला मानूस ठेवलाय. मला खाली जायला लिफ्टमधी कोणतरी लागतं. मी काय करू हितं? बसून मरू?" पुढच्या रविवारी दिनेश तिला घेऊनच आला.

त्या दिवशी ओट्यावर बसून मायलेकांचं ठरलं, माझ्यासमोर ठरलं. दिनेश म्हणाला, "आई, मी तुला हितं ठेवतो. पण एकटीला पडून मरू देनार नाय." तर वैनी म्हणाली, "ज्या दिवशी मला माझं अंगण झाडता येनार नाय, त्या दिवशी तू मला गाडीत घाल. मी तोंडातनं शब्द काढनार नाय. रविवारी येशील तेव्हा बघ अंगण." दिनेश माझ्याकडं वळला. "काका, तुमी ऐकलं ना?" मी म्हटलं, ऐकलं. "तुमच्या शब्दावर ठेवतो." मी म्हटलं, ठेव. माझी गावात दुसरी काही ओळख नाही. जमीन थोडी, शिक्षण नाही, पण ह्या माणसानं शब्द फिरवला असं कुणी म्हणून दाखवावं.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. वैनी हळूहळू झाडायची, मधेमधे बसायची, पण रविवारी अंगण लख्ख. मग माघ लागला आणि बदाम सुटला. एका शनिवारी सकाळी मी अंथरुणात पडून तिचा खराटा ऐकत होतो आणि आवाज मधेच थांबला. बराच वेळ थांबला. मी वईवरून बघितलं. अर्धं अंगण झाडलेलं, अर्धं लाल पानांनी भरलेलं, आणि मधोमध वैनी मातीत बसलेली, छातीवर हात धरून. धावत गेलो. श्वास जागेवर आल्यावर ती माझ्याकडं बघून हसली. "झालं भावजी. आमचं संपलं." उरलेल्या अर्ध्या अंगणाकडं बघत म्हणाली, "उद्या रविवार."

माझ्या सुनेला सांगून झाडून घेतो म्हटलं. ती म्हणाली नको. सून चांगली आहे, पण ती आणि दिनेशची बायको रोज मोबाईलवर बोलतात. आज इथं शिंकलं तर उद्या पनवेलला औषध आणतात. माझ्या बायकोचे गुडघे गेलेले, ती बसून स्वयंपाक करते. उरलो मी. आता हे लिहायला हवं की मी जन्मात खराटा धरला नव्हता. खराटे बांधले, ढिगानं बांधले, माडाच्या झावळ्या सोलून असे घट्ट बांधले की बाजारात तसे मिळत नाहीत. पण झाडणं हे काम आमच्यात पुरुष करत नाही, आणि मी तर नाहीच नाही. मी घरी गेलो, माझा नवा बांधलेला खराटा घेतला, दुसऱ्याच्या खराट्यानं मी काम करणार नाही म्हणून, आणि तिच्या अंगणात उतरलो.

वैनी ओट्यावर बसून बघत होती. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "भावजी, झाडताय का म्हैस हाकताय?"

"तू गप बस."

"वाऱ्याच्या तोंडाला कोण झाडतं? सगळी पानं मागं येतात तुमच्या. पाठ द्या वाऱ्याला."

"वैनी, टाकून जाईन हां खराटा."

"जा की. उद्या मला गाडीत बसवायला या, पिशवी धरायला कोणतरी लागंल."

मी वाऱ्याला पाठ दिली. घामानं निथळलो, पण अंगण झालं. आणि मग रोजचंच झालं, कारण बदाम रविवार बघून पान टाकत नाही. गावातलं कुणी रस्त्यानं जाताना थांबलं तर मी आधीच सांगून टाकायचो, राबाला पातेरा गोळा करतोय. हे खोटं नव्हतं, पातेरा माझ्याच शेतावर जात होता. आमच्या गावचे हमीदभाय, कुवेतला नोकरी करून आता घरी बसलेले, त्यांनी एकदा फाटकातून मान आत घातली आणि म्हणाले, "अरे बाबा, राब घालतोस की अख्खा डोंगर भाजतोस?" ओट्यावरून वैनी म्हणाली, "ह्या वर्षी लई भात पिकनार हाय हमीदभाय, पोती आणून ठेवा."

सगळ्यात कठीण माझी बायको. ती वईपाशी पाटावर बसून तांदूळ निवडायची आणि माझ्याकडं नुसती बघायची. एक दिवस जोरात म्हणाली, "जाऊबाय, काय जादू केली ओ? माझ्या अंगणात ह्या मानसानं पडलेला पान कधी पायानं बाजूला केला नाय. कंबर धरते म्हनायचा."

मी म्हटलं, "हळू बोल गो, सून ऐकंल."

"ऐकू दे. तिलाही कळू दे सासरा काय काय करू शकतो ते."

वैनी हसता हसता खोकली. मग म्हणाली, "माझं झालं की तुझ्याकडं पाठवते, शिकवून पाठवते."

रविवारी मी आपल्या ओट्यावर बसून राहायचो, तिकडं जायचो नाही. दिनेश फाटकातून आत यायचा, एक पाऊल टाकून उभा राहायचा, अंगणावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायचा. मग चप्पल काढायचा. "झाडलंस आई?" ती म्हणायची, "दिसत नाय का?" कधी 'मी झाडलं' म्हणाली नाही. मग तो माझ्याकडं चहा प्यायला यायचा, कंपनीतलं बोलायचा, आणि मी कौलांकडं बघत हो हो करायचो. त्याच्या तोंडाकडं बघवत नसे. त्यानं मला शब्दावर धरलं होतं आणि मी रोज सकाळी उठून तो शब्द झाडून टाकत होतो. पण एक सांगतो, वाईट वाटलं तरी थांबावं असं कधी वाटलं नाही. खिडकीपाशी बसून न जेवणारी वैनी मला नको होती. ह्या वैनीला भूक लागायची. मी झाडून झाल्यावर ती मला चहा द्यायची आणि स्वतः भाकरी खायची, माझ्यासमोर, दाखवून.

असं शिमग्यापर्यंत चाललं, आणि मग तो रविवार आला, जो वर लिहिला.

दिनेश आला तेव्हा अंगणात गाव जमला होता. झाडलेलं नव्हतंच, वर लोकांच्या पायांनी पानं सगळीकडं झालेली. तो आत गेला, आईपाशी बसला, बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, लोकांसमोर बोलत नाही, नंतर बोलेल. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि मी एका बाजूला उभा राहून मनात तयारी केली की कावळा शिवला नाही तर सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. पिंड मांडून होतायत तोवर कावळा उतरला. लोक म्हणाले, काही मागं राहिलं नाही बाईचं. मी मात्र अजून सुटलो नव्हतो. माझं मागं राहिलं होतं. एकच विचार डोक्यात... तिला घेऊन गेले असते, मोठा दवाखाना जवळ असता, तर पोरगं म्हणेल, माझी आई आणखी दोन वर्षं जगली असती, काकानं मला फसवलं. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगायचं, एवढं मी ठरवलं.

तेरावं झालं, शिमगा सुतकात गेला, आणि मी राब पेटवायला निघालो. दिनेशची रजा बाकी होती. म्हणाला, मीही येतो काका, लहानपणी बाबांबरोबर यायचो. ऊन उतरलं होतं. वारा जिथं जातो त्या टोकाला आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याच्या उलटी हळूहळू सरकत येते आणि खालची माती नीट तापते. वाऱ्याच्या बाजूनं लावली तर भडकून जाते, वरच्यावर. त्यानं काडी लावली. मातीच्या थराखालून धूर यायला लागला, आत लाल पानं होती ती काळी पडत गेली. आम्ही बांधावर बसलो. मी म्हटलं, आता.

"दिनेश, एक सांगायचं हाय. मधी बोलू नको."

"बोला."

"माघापासनं वैनी अंगण झाडत नव्हती. मी झाडत होतो. हा सगळा पातेरा त्यातलाच. तुमचं ठरलं होतं ते तिनं मोडलं नाय, मी मोडलं. तुझ्या समोर बसून मोडलं. आता काय बोलायचं ते बोल."

त्यानं एक काटकी घेऊन आगीच्या कडेची माती सारखी केली. मग म्हणाला, "मला माहीत हाय काका."

"कोनी सांगितलं? सुनेनं?"

"कोनी नाय. पहिल्याच रविवारी कळलं." तो हसला, त्याच्या आईसारखं, तोंड मिटून. "आई डावरी ना. तिच्या खराट्याच्या रेघा विहिरीकडनं फणसाकडं वळायच्या. जन्मापास्नं बघतोय मी. त्या रविवारी फाटकातनं पाऊल टाकलं तर सगळ्या रेघा उलट्या. आनि दोन रेघांच्या मधी ही एवढी पानं राहिलेली."

वैनी डावरी होती! हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? नवी आली तेव्हा डाव्या हातानं वाढते म्हणून आमच्या आईनं तिला किती बोलून घेतलं होतं. मग ती उजव्या हातानं वाढायला शिकली, उजव्या हातानं हळदीकुंकू द्यायला शिकली. पण खराटा कुणी बघत नव्हतं, तो डाव्याच हातात राहिला. घरातल्या माणसाचा हात घरातल्याला दिसायचा बंद होतो... मला दिसत नव्हता. पोराला दिसत होता.

"मग बोलला का नायस?" मी जरा चिडूनच विचारलं. दोन महिने मी कौलांकडं बघत काढले होते.

"काय बोलू काका? मला झाडलेलं अंगण घेऊन काय करायचं होतं? ती पडली तेव्हा अर्धा दिवस जमिनीवर एकटी होती. तेवढं एकच डोक्यातनं जात नव्हतं. रात्री उठून बसायचो. अंगण झाडलेलं दिसलं तर ती उभी हाय, एवढं तरी कळंल, म्हनून मी ती अट मानली. आनि मग बघतो तर कोनतरी रोज उजाडायला तिच्या अंगणात हाय." त्यानं हातातली काटकी आगीत टाकली. "त्या रविवारी घरी जाऊन बायकोला म्हटलं, आता आईला आनायची गरज नाय. काका झाडतोय."

आग बांधाच्या जवळ आली होती. आम्ही दोघं सरकून बसलो. मला काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. आधी राग आला, हे खरं. म्हणजे मी दोन महिने गुपित सांभाळतोय समजून गाढवासारखा वागलो, आणि हा रविवारी येऊन माझ्या राहिलेल्या पानांवर हसत होता? पण राग टिकेना. छातीवरून काहीतरी उतरत होतं, डोक्यावरचा भारा टेकवल्यावर मान कशी वर येते तसं. मी त्याला म्हटलं, "राहिलेली पानं एवढी नव्हती." तो म्हणाला, "होती काका." मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसताना त्याला रडू आलं, आणि मी आगीकडं बघत राहिलो, कारण रडणाऱ्या माणसाकडं बघू नये.

घरी परतताना मात्र एक विचार आला तो अजून गेलेला नाही. वैनीनं मला किती गोष्टी शिकवल्या... वाऱ्याला पाठ द्या, कडेनं घ्या, ओली पानं आधी उचला, विहिरीपाशी दाबून झाडा. नालीत अडकलेलं एक पान तिला ओट्यावरून दिसायचं. त्या बाईला रेघा उलट्या पडतायत हे दिसलं नसेल? आणि पोराची नजर कशी आहे हे तिला माहीत नसेल? तिनं एकदाही सांगितलं नाही की भावजी, हात बदला. मी हे दिनेशला विचारलं नाही. विचारून काय करायचं? कळलं तेवढं मला पुरे आहे. पण ज्या बाईला मी वाचवतोय असं मला वाटत होतं, ती ओट्यावर बसून चहा पीत आपल्या मुलाला निरोप पाठवत होती आणि निरोप्या मी होतो, असं मनात आलं की अजून मला एकट्यालाच हसू येतं.

दिनेश घर विकणार नाही. रविवारी येतो, दार उघडतो, दिवा लावतो, ओट्यावर बसतो. मधल्या दिवसांत किल्ली माझ्याकडं असते. परवा न्हाणीकडं गेलो होतो, पाण्याची टाकी बघायला, तर चुलीच्या मागं कोपऱ्यात वैनीचा खराटा उभा दिसला. माझ्या खराट्याच्या नादात मी तो कधी हातात घेतलाच नव्हता. बाहेर आणून बघितला. काड्या एका बाजूला झिजून अर्ध्या झालेल्या, दुसऱ्या बाजूला लांब, तिरका सुरा असावा तसा. उजव्या हातात धरला तर निम्म्या काड्या हवेत. डाव्या हातात घेतला... आणि तो जमिनीला बसला. सगळ्या काड्या एकदम टेकल्या.

मी विहिरीपाशी दोनचार हात मारले. डावा हात माझा कामाचा नाही, वेड्यावाकड्या रेघा आल्या, तरी फणसाकडं वळल्या. मग थांबलो. उरलेलं अंगण पानांनी भरलेलं होतं, तसंच ठेवलं. आता कुणाला दाखवायचं नाही, कुणापासून लपवायचं नाही. वर फणसानं आणखी एक पान सोडलं, ते खाली येईपर्यंत बघितलं आणि पडू दिलं.

वईपलीकडून बायकोचा आवाज आला, "अवो, तिकडं शिकून झालं असंल तर हिकडं या! हितंही झाडं हायत!"

"आलो गो," मी म्हटलं, आणि तो खराटा तसाच डाव्या हातात धरून वई ओलांडली.